रिस्टार्ट मारण्याआधी लॉग बघा

आष्टी तालुक्यातल्या आमच्या कड्यात एका संस्थेच्या संगणक कक्षाचा प्रॉक्सी सर्व्हर मी सांभाळतो. लिनक्सवर स्क्विड हे प्रॉक्सी सॉफ्टवेअर चालतं. प्रवेशाच्या आणि परीक्षेच्या अर्जांची मुदत जवळ आली की सगळी मशीन भरलेली असतात, आणि नेमकं तेव्हाच नेट मधूनमधून तुटायचं. एकाचं पान झरझर उघडायचं, शेजारच्याचं नुसतं फिरत राहायचं. फी भरताना कुणी अडकलं तर पैसे गेले की राहिले, तेही कळायचं नाही.

लाईनवाल्याला फोन झाले, केबल बदलून झाली. सर्व्हर रिस्टार्ट केला की सुरळीत चालायचं, त्यामुळे जो तो तेवढंच सुचवायचा.

कारण सापडलं ते कॅशे लॉगमध्ये. फाईल डिस्क्रिप्टर संपत आल्याचा इशारा तिथे पुन्हा पुन्हा उमटला होता. प्रत्येक जोडणीला एक डिस्क्रिप्टर लागतो. प्रॉक्सी मध्यस्थ असल्यामुळे एका विनंतीला साधारण दोन जातात, एक विद्यार्थ्याच्या मशीनकडे आणि एक पलीकडच्या साइटकडे. आमच्याकडे मर्यादा होती १०२४. ती भरत आली की स्क्विड बंद पडत नाही. जुन्या जोडण्या चालू ठेवतं आणि नव्या घेणं थांबवतं. म्हणूनच एकाचं चालायचं आणि दुसऱ्याचं अडायचं.

इशाऱ्यांच्या वेळा वहीत उतरवल्यावर आणखी एक गोष्ट दिसली. बरेचसे इशारे लाईट जाऊन आल्यानंतरचे होते. सर्व्हर यूपीएसवर, मशीन मात्र खटकन बंद. मशीन बंद पडल्याचं सर्व्हरला कळतच नाही, आणि मेलेल्या जोडण्या काही काळ डिस्क्रिप्टर अडवून बसतात. तेवढ्यात लाईट येते आणि तीच मशीन नव्या जोडण्या मागू लागतात.

असा त्रास होत असेल तर आधी वेळ टिपा, मग लॉग उघडा. रिस्टार्ट सगळ्यात शेवटी. रिस्टार्टने अडकलेल्या जोडण्या सुटतात, पण त्या क्षणी कोणत्या जोडण्या अडकल्या होत्या, तो पुरावाही जातो.

टर्मिनलवर दिसणारी डिस्क्रिप्टरची मर्यादा तुमच्या लॉगिनची असते, स्क्विडची नव्हे. चालू प्रोसेसची मर्यादा लिनक्सच्या 'प्रोक' (/proc) फोल्डरमध्ये पाहा. ती सर्व्हिसच्या फाईलमध्ये आणि स्क्विडच्या कॉन्फिगरेशनमध्ये, दोन्हीकडे वाढवा. कॉन्फिगरेशनमधल्या पोर्टच्या ओळीत छोट्या कालावधीचं टीसीपी कीप-अलाइव्ह सुरू केलं की मेलेल्या जोडण्या लवकर सुटतात.

डिस्क्रिप्टर पुरेसे असूनही तुटत असेल, तर कर्नलच्या लॉगमध्ये कनेक्शन ट्रॅकिंगचं टेबल भरून पॅकेट टाकून दिल्याची नोंद शोधा. पानं उघडतात, पण दर वेळी पाचेक सेकंद थबकून, असं असेल तर डीएनएस तपासा. पहिल्या डीएनएस सर्व्हरकडून उत्तर येत नसावं.

ही तपासणी मुदतीच्या आधीच्या आठवड्यात करा. शेवटच्या दिवशी अडकलेल्या एका अर्जापायी विद्यार्थ्याचं अख्खं वर्ष जाऊ शकतं.