चार्टर शाळा काढण्यापूर्वी

चार्टर शाळा म्हणजे अमेरिकेतील सरकारी पैशावर चालणारी, पण स्थानिक शिक्षण मंडळाच्या दैनंदिन कारभाराबाहेर राहणारी शाळा. तिथे फी नसते, प्रवेशपरीक्षा नसते आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत काढावी लागते. शाळेला अभ्यासक्रम, वेळापत्रक आणि नेमणुका यांत मोकळीक मिळते. त्या बदल्यात करारात लिहिलेले निकाल ठरलेल्या मुदतीत दाखवावे लागतात. महाराष्ट्रातील वाचकाला ही रचना खासगी संस्थेच्या अनुदानित शाळेसारखी वाटेल. पण अनुदानित शाळेची मान्यता सहसा पिढ्यान्‌पिढ्या चालते, तर चार्टर करार बहुतेक राज्यांत तीन ते पाच वर्षांचाच असतो. मुदत संपली की नूतनीकरणासाठी साऱ्या कारभाराचा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

या कल्पनेला 1988 मध्ये शिक्षक संघटनेचे नेते अल्बर्ट शँकर यांनी मोठे व्यासपीठ मिळवून दिले. शिक्षकांच्या छोट्या गटांना प्रयोगाची मुभा असावी, एवढाच त्यांचा मूळ हेतू होता. पुढे कंपन्या या क्षेत्रात उतरल्यावर ते स्वतःच तिचे टीकाकार झाले. पहिला कायदा मिनेसोटा राज्याने 1991 मध्ये केला आणि पहिली शाळा 1992 मध्ये सेंट पॉल शहरात उघडली. आज देशभर अशा सुमारे 8 हजार शाळा आहेत. त्यांतील काही पालकांच्या गटांनी काढल्या आहेत. प्रस्तुत लेखक अशाच एका गटात अर्जाच्या तयारीपासून पहिल्या नूतनीकरणापर्यंत सहभागी होता. पुढील मार्गदर्शन त्या अनुभवावर आणि विविध राज्यांतील जाहीर घटनांवर आधारलेले आहे.

हेतूची तपासणी

जवळची शाळा समाधानकारक नाही, ही बहुतेक गटांची सुरुवात असते. पण नाराजीवर शाळा उभी राहत नाही. 2009 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी केलेल्या पाहणीत 17 टक्के चार्टर शाळा गणितात तुलनेच्या सरकारी शाळांपेक्षा सरस आणि 37 टक्के मागे आढळल्या. उरलेल्यांत लक्षणीय फरक नव्हता. नंतरच्या पाहण्यांत सरासरी सुधारली असली, तरी शाळाशाळांतील तफावत कायम आहे. नावापुढे चार्टर लागल्याने शिकवणे सुधारत नाही.

वेळेचे गणितही मांडावे. कल्पना सुचल्यापासून पहिली घंटा वाजेपर्यंत दोन ते तीन वर्षे सहज जातात. ज्या मुलीसाठी आईवडील धडपडत असतात, ती तोवर वरच्या वर्गात गेलेली असते. म्हणून स्वतःच्या मुलाला या शाळेचा लाभ मिळाला नाही तरी काम करायची तयारी आहे का, हा प्रश्न गटातील प्रत्येकाला पहिल्याच बैठकीत विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर अस्तित्वात असलेल्या शाळेच्या पालक संघटनेत किंवा शिक्षण मंडळाच्या निवडणुकीत घातलेला वेळ अधिक लवकर फळतो.

राज्याचा कायदा

चार्टर हा राज्याचा विषय आहे. मंजुरी कोठे स्थानिक शिक्षण मंडळ देते, कोठे राज्य मंडळ, तर न्यूयॉर्कसारख्या ठिकाणी राज्य विद्यापीठाचे विश्वस्तही देतात. शाळांच्या संख्येवर मर्यादा असू शकते. मॅसॅच्युसेट्समध्ये ती सैल करण्याचा प्रस्ताव मतदारांनी 2016 मध्ये मोठ्या फरकाने फेटाळला. कॅलिफोर्नियात 2019 च्या दुरुस्तीनंतर नव्या शाळेमुळे शालेय जिल्ह्याच्या (स्थानिक शिक्षण मंडळाच्या क्षेत्राच्या) तिजोरीवर काय परिणाम होईल, हेही मंजुरी देताना पाहिले जाते. आपल्या गावातील शिक्षण मंडळाच्या सभांना काही महिने नुसते जाऊन बसले, तरी विरोध कोण करणार आणि का, हे कळते. तो विरोध दर वेळी स्वार्थी नसतो. विद्यार्थी गेला की त्याच्यामागचा पैसाही जुन्या शाळेतून जातो. पण बस, बॉयलर आणि छप्पर यांचा खर्च तेवढाच राहतो.

कायदा बदलतो किंवा कोर्टात अडकतो, हेही गृहीत धरावे. वॉशिंग्टन राज्यात 2012 च्या सार्वमताने चार्टर शाळांना वाट मिळाली. सप्टेंबर 2015 मध्ये शाळा नुकत्याच भरू लागल्या असताना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. निवडून न आलेल्या मंडळांच्या शाळांना सामान्य शाळांचा निधी देता येत नाही, असे त्याचे कारण होते. 2016 मध्ये राज्य लॉटरीच्या उत्पन्नाशी निधी जोडणारा नवा कायदा आला. मधला काळ त्या शाळांनी जीव मुठीत धरून काढला.

शाळा सर्वांची

अमेरिकेतील मराठी कुटुंबांना आपल्या मराठी मंडळांच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळा चालवण्याचा दांडगा अनुभव आहे. त्यामुळे ‘हीच शाळा पूर्णवेळ का नको’ हा विचार सहज येतो. भाषेवर आधारित चार्टर शाळा कायद्यात बसते. न्यू जर्सीतील ईस्ट ब्रन्सविकमध्ये 2010 पासून हिब्रू शिकवणारी अशी शाळा आहे. पण मराठी मंडळाची शाळा आपल्यांसाठी असते, चार्टर शाळा परिसरातील प्रत्येकासाठी. सोडतीत नाव निघालेल्या ज्या मुलाच्या घरी मराठीचा गंधही नाही, त्याचा हक्क तेवढाच पक्का असतो. संस्थापकांच्या मुलांना सोडतीशिवाय प्रवेश देण्याची मुभा अनेक ठिकाणी आहे, पण ती थोड्याच जागांपुरती. धार्मिक शिक्षण तर पूर्ण वर्ज्य समजावे. ओक्लाहोमातील कॅथलिक चार्टर शाळेला राज्याच्या न्यायालयाने मनाई केली आणि मे 2025 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात 4-4 अशी मते पडल्याने ती मनाई कायम राहिली.

पटसंख्या आणि पैसा

निधी विद्यार्थ्यांच्या डोक्यामागे मिळतो. काही राज्यांत शरद ऋतूतील ठरावीक दिवशीची पटसंख्या मोजतात, कॅलिफोर्नियात वर्षभराची सरासरी हजेरी. माहितीसभेत सह्या करणारे पालक आणि पहिल्या दिवशी मुलाला घेऊन येणारे पालक यांच्या आकड्यांत मोठी फट असते. वसंतात ‘नक्की येणार’ म्हणणारे कुटुंब उन्हाळ्यात घर बदलते, थोरल्याला दुसरीकडे जागा मिळते किंवा बस नाही म्हणून बेत रद्द होतो.

समजा, दर विद्यार्थ्यामागे 10 हजार डॉलर धरून 120 मुलांचा अर्थसंकल्प केला आणि प्रत्यक्षात 96 आली. तूट 2 लाख 40 हजार डॉलरची होते. वर्ग मात्र तेवढेच असतात, शिक्षकांचे करार झालेले असतात आणि भाडे ठरलेले असते. म्हणून अर्थसंकल्प तीन आकड्यांवर करावा: पूर्ण पट, 80 टक्के पट आणि ज्या पटाखाली शाळा उघडायचीच नाही तो पट. तिसरा आकडा शाळेच्या बोर्डाच्या (संचालक मंडळाच्या) ठरावात लिहून ठेवावा. ऑगस्टमध्ये उत्साहाच्या भरात तो कोणी ठरवत नाही.

संघ सरकारचे स्थापना अनुदान उपयोगी पडते, पण ते स्पर्धेतून मिळते आणि अनेकदा आधी खर्च, मग परतफेड अशा पद्धतीने येते. राज्याचा पहिला हप्ताही पहिल्या पगाराच्या तारखेला येईलच असे नाही. दोन-तीन महिन्यांचे पगार भागतील एवढे खेळते भांडवल हाताशी नसेल, तर शाळा कागदावर नफ्यात असूनही बँकेत कोरडी पडते.

इमारत

जिल्ह्याच्या शाळेला इमारतीसाठी कर्जरोखे काढता येतात, पाठीशी कर असतो. चार्टर शाळेला कर लावण्याचा अधिकार नसतो, त्यामुळे भाडे सहसा शिकवण्याच्याच पैशातून जाते. कॅलिफोर्नियात 2000 च्या ‘प्रपोझिशन 39’ नुसार जिल्ह्याने चार्टर शाळेला तुलनेने समान जागा देण्याचे बंधन आहे. तिथेही वाटाघाटी दर वर्षी होतात.

प्रस्तुत लेखकाच्या गटाला चर्चच्या मागची जागा स्वस्तात मिळाली होती. भिंती रंगवून झाल्या, बाके लागली. मग अग्निशमन खात्याचा निरीक्षक आला. त्याने जिन्याची रुंदी टेपने मोजली, तळघरातील वर्गाला बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग मागितला आणि छताकडे बोट दाखवून विचारले, ‘पाण्याचे फवारे कुठे आहेत?’ रविवारी तासभर मुले बसतात ती खोली आणि आठवड्याचे पाच दिवस शाळा भरते ती खोली, यांना बांधकाम नियमांत वेगवेगळे वर्ग आहेत. भाडेकरारावर सही करण्याआधी वास्तुविशारदाला आणि निरीक्षकाला एकाच दिवशी जागेवर बोलवावे. वापराची परवानगी मिळाली नाही तर करार आपोआप रद्द होईल, असे कलम करारात घालून घ्यावे.

विशेष गरजांची मुले

पालकगटांच्या अर्जात हा भाग सर्वांत पातळ असतो. दिव्यांग मुलांना योग्य शिक्षण मोफत देण्याचे संघ कायद्याचे बंधन चार्टर शाळेलाही पूर्ण लागू आहे. काही राज्यांत ती जबाबदारी जिल्हा वाटून घेतो. जिथे चार्टर शाळा स्वतःच जिल्हा मानली जाते, तिथे सारा भार तिच्यावर येतो. माहितीसभा संपल्यावर एखादी आई मागे थांबते आणि विचारते, ‘माझ्या मुलाला दिवसभर मदतनीस लागतो. तुमच्याकडे मिळेल ना?’ कायद्याने उत्तर एकच आहे: मिळेल. ‘आमच्याकडे सोय नाही, दुसरीकडे बघा’ असे सुचवणेही बेकायदा ठरते. एका मुलाचा मदतनीस, वाचा-उपचार आणि खास वाहन यांचा खर्च त्याच्यासाठी येणाऱ्या निधीच्या कितीतरी पट होऊ शकतो. तो पहिल्या वर्षाच्या अर्थसंकल्पातच धरावा लागतो.

बोर्ड आणि कंपनी

करार बोर्डाशी होतो, संस्थापकांशी नाही. बोर्डावर फक्त मित्र आणि पालक असले की मुलाच्या वर्गशिक्षिकेचे मूल्यमापन आणि त्याच मुलाचे गुण एकाच टेबलावर येतात. हिशेब, कायदा, बांधकाम आणि विशेष शिक्षण जाणणारी, शाळेत मूल नसलेली माणसे सुरुवातीपासून हवीत. बहुतेक राज्यांत सभा खुल्या ठेवाव्या लागतात आणि कागदपत्रे मागणाऱ्याला द्यावी लागतात. मुख्याध्यापक नेमल्यावर संस्थापकांनी रोजच्या कामातून हात काढून घ्यावा, अन्यथा चांगला मुख्याध्यापक टिकत नाही.

दमलेल्या गटाला व्यवस्थापन कंपनी हा सोपा मार्ग वाटतो. ओहायोत काही शाळांच्या बोर्डांनी सुमारे 95 टक्के सरकारी निधी एका कंपनीला देण्याचे करार केले होते. संबंध बिघडल्यावर, निधीतून घेतलेली बाके आणि संगणक कोणाचे, हा वाद राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. 2015 मध्ये निकाल लागला: करारात तसे लिहिले असल्याने, वस्तू हव्या असतील तर बोर्डांनी त्या कंपनीकडून विकत घ्याव्यात. कंपनी नेमायचीच असेल, तर कराराच्या मसुद्याची तपासणी बोर्डाच्या स्वतंत्र वकिलाकडून व्हावी. कंपनीने सुचवलेल्या वकिलाकडून नव्हे.

थांबण्याचा निर्णय

शाळा बंद पडण्याची प्रमुख कारणे पट, पैसा आणि कारभार हीच असतात. ओहायोतील एक मोठी ऑनलाइन चार्टर शाळा हजेरीच्या नोंदी सिद्ध न झाल्याने जानेवारी 2018 मध्ये, वर्षाच्या मध्यावर बंद झाली. सुमारे 12 हजार विद्यार्थ्यांना दुसरी शाळा शोधावी लागली. लहान गटाची शाळा बंद पडली की वर्तमानपत्रात बातमी येत नाही, पण घराघरांत होणारी ओढाताण तीच असते.

उन्हाळा सुरू होईपर्यंत वापरयोग्य इमारत, किमान पट, नेमलेला मुख्याध्यापक, विशेष शिक्षणाची लेखी सोय आणि बँकेत खेळते भांडवल, या पाचांपैकी एक जरी गोष्ट नसेल तर उद्घाटन एक वर्ष पुढे ढकलावे. मंजुरी देणाऱ्या यंत्रणा अशी मुदतवाढ बऱ्याचदा देतात. त्यात संस्थापकांचा मान थोडा कमी होतो; शाळा ऑक्टोबरमध्ये बंद पडली तर वर्ष मुलांचे जाते.