केलेले जाणावे

वारकरी माउलींनो, आषाढीला आपण पंढरीस जातो आणि देवापुढे मागणे मांडतो. पाऊस पडू दे, पोराला काम लागू दे, आईचे गुडघे बरे होऊ देत. मागण्यात वावगे काही नाही. लेकराने आईपाशी नाही मागायचे तर कुणापाशी? पण मागल्या वर्षी जे मागितले त्यातले काय मिळाले, आणि ते कुणाच्या हातून मिळाले, याचा हिशेब आपण कधी केला आहे काय? आजच्या पाठात तोच करून पाहू.

‘कृतज्ञ’ हा शब्द आधी फोडून पाहावा. कृत म्हणजे केलेले, ज्ञ म्हणजे जाणणारा. दुसऱ्याने आपल्यासाठी केलेले जो जाणतो तो कृतज्ञ, आणि केलेल्यावर जो पाणी सोडतो तो कृतघ्न. तेव्हा कृतज्ञता म्हणजे नुसते तोंडाने ‘आभारी आहे’ म्हणणे नव्हे. आपल्या घरात वाढणाऱ्या आईचे आभार कुणी मानीत नाही, मानलेच तर तीच विचारील, “काय रे, बरे आहे ना तुला?” शब्द नसला तरी चालते. पण जाणीवही नसली, म्हणजे घराचा गोडवा जातो.

ही जाणीव जाते ती सवयीमुळे. आपल्या सोलापूर भागातली ज्वारीची भाकरीच घ्या. मंगळवेढ्याच्या काळ्या रानात पावसाळा सरता सरता पेरणी होते आणि जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक थंडीत वाढते. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. पण भाकरी काही मानांकनाने ताटात येत नाही. पेरणारा, पाखरे राखणारा, ज्वारी उपटणारे गडी, कणसे मोडणाऱ्या बाया, पोते वाहणारा हमाल, पिठाची गिरणी चालवणारा, आणि शेवटी तव्यापुढे बसून भाकरी थापणारी घरची माउली, इतके हात त्या एका भाकरीला लागलेले असतात. आणि आम्ही घास घेऊन म्हणतो काय, तर “आज जरा जाडच झाली!”

याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या अरणला श्रीसावता महाराज होऊन गेले. शके १२१७, म्हणजे इ. स. १२९५ साली, ते तेथेच समाधिस्थ झाले. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, असे परंपरा सांगते. हातातल्या भाजीत आणि मळ्याच्या विहिरीतच त्यांना पांडुरंग भेटला. आपण रोज तीच भाजी निवडतो, तेच पाणी पितो. मग आपल्याला का भेटत नाही? सावतोबांनी समोर आलेले कधी गृहीत धरले नाही, आणि आपण सगळेच गृहीत धरतो, एवढाच फरक आम्हांस दिसतो.

आता प्रपंचातली गोष्ट सांगतो. आमच्या भजनात एक गृहस्थ येत. यंत्रमागावर काम करीत. मालकाने माग विकले आणि यांचे काम सुटले. घर चालले ते बायकोने वळलेल्या विड्यांवर. याचे समाधान वाटण्याऐवजी त्यांना ते टोचू लागले. बाईचे खातो, ही लाज. आणि लाजेचा राग निघे तिच्यावरच. दोन-दोन दिवस घरात बोलणे नाही, पोरे भेदरलेली. एक दिवस हरिपाठ झाल्यावर आमच्यातल्या एका म्हाताऱ्या माळकऱ्यांनी त्यांना जवळ बसवले आणि म्हटले, “बाबा, निजण्याआधी आज आपल्यासाठी कोणी काय केले, अशा तीन गोष्टी आठवायच्या. जास्त नाही, तीनच.”

पहिल्या रात्री त्यांना एकही आठवेना. दुसऱ्या रात्री आठवले, की पहाटे आपण झोपलो होतो तेव्हा दिव्याखाली सुपात तेंदूची पाने घेऊन कोणी बसले होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ते बायकोला बोलून दाखवले. ती माउली काही क्षण गप्प राहिली, मग म्हणाली, “कळले ना? मग उद्या नळाला पाणी येईल, ते तेवढे भरून ठेवा.” त्यांनी भरले. काम मिळायला पुढे बरेच महिने गेले, ओढगस्त काही संपली नाही. पण घरात बोलणे सुरू झाले आणि पोरे हसू लागली. सुख याहून निराळे काय असते?

म्हाताऱ्याबुवांनी जे सांगितले तेच दूर अमेरिकेतल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिले आहे. रॉबर्ट इमन्स आणि मायकेल मॅकलो यांनी २००३ साली आपला अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी विद्यार्थ्यांचे तीन गट केले. दहा आठवडे, दर आठवड्याला, एका गटाने कृतज्ञ वाटावे अशा गोष्टी लिहायच्या, दुसऱ्याने त्रासाच्या, तिसऱ्याने नुसत्या घडलेल्या. पहिल्या गटाला आपले जगणे अधिक बरे वाटले, पुढच्या आठवड्याविषयी अधिक आशा वाटली, आणि दुखण्याखुपण्याच्या तक्रारीही त्यांनी कमी सांगितल्या.

मात्र येथे एक सावधगिरी हवी. कृतज्ञता म्हणजे अन्याय मुकाट्याने गिळणे नव्हे. श्रीचोखोबारायांना देवळाच्या आत प्रवेश नव्हता. त्यांची समाधी आजही महाद्वारापुढे आहे. पायरीपर्यंत येऊ दिले त्यातच आनंद माना, असे म्हणून संतांचे वारस स्वस्थ बसले असते, तर काय झाले असते? मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी पंढरीत प्राण पणाला लावून उपोषण केले, तेव्हा ते दार सर्वांना उघडले. म्हणून ध्यानात ठेवावे, की कृतज्ञता आपण स्वतः पाळावी. दुसऱ्याचे तोंड बंद करण्यासाठी ती सांगू नये. मजुरी बुडवणाऱ्याने मजुराला समाधानाचे कीर्तन ऐकवू नये, आणि सासूने सुनेला “दोन वेळचे मिळते ना?” असे विचारू नये.

मग रोजचा नेम काय करावा? सोपा आहे. संध्याकाळी हरिपाठ झाला, की तीन हात आठवावे. ‘देवाने सुख दिले’ असे मोघम नको. कोणी, काय, केव्हा, हे नेमके आठवावे. त्यांतल्या एकाला ते दुसऱ्या दिवशी बोलून दाखवावे, नाहीतर कामातून दाखवावे; भरलेली घागर पुष्कळ बोलते. आणि ज्याचे फेडता येत नाही, त्याचे पुढे द्यावे. ज्ञानोबारायांची पालखी धर्मपुरीला आपल्या जिल्ह्यात येते, तेव्हा वाटेवर कोणी तांब्याभर पाणी देतो, कोणी भाकरी देतो, कोणी पाय चेपतो. त्याचे नाव आपल्याला ठाऊक नसते आणि पुन्हा गाठही पडत नाही. त्याचे पाणी फेडायचे ते दुसऱ्या तहानेल्याला पाणी देऊनच.

वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पायां पडतो आणि ‘माउली’ म्हणतो. तोच माथा घरी आल्यावर ताठ का व्हावा? ज्या हाताने आज आपल्याला भाकरी दिली, त्या हाताला आज रात्री मनात तरी नमस्कार करून निजावे. पंढरीचे मागणे आषाढीला आहेच.

रामकृष्णहरि!