कुंडीत काय उरलं?

प्रिय पालकहो,

जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा आमच्या तिसरीच्या वर्गाने तीन कुंड्यांत तीन वस्तू पुरल्या. एकीत पळसाच्या पानांची पत्रावळ, दुसरीत वाढदिवसाला आणतो ती चकचकीत कागदी प्लेट आणि तिसरीत हिरवं पान छापलेली ‘निसर्गस्नेही’ पिशवी. पाणी घालायचं काम पावसाने केलं. दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही कुंड्या उकरल्या.

पत्रावळीचा मागमूस नव्हता. पानं टाचलेल्या काड्यांचे चार-दोन तुकडे तेवढे हाताला लागले. प्लेटचा कागद विरून गेला होता, पण वरचा पातळ पापुद्रा जसाच्या तसा निघाला. एका मुलीने तो झटकला, उजेडात धरला आणि विचारलं, “बाई, ही तर कागदाची होती ना?” पिशवी तर धुऊन पुन्हा वापरता आली असती.

खरं सांगते, मी गप्प झाले. गेल्या वर्षी माझ्या नातवाच्या वाढदिवसाला तसल्याच प्लेटा मी आणल्या होत्या. ‘कागदाच्याच तर आहेत’ असं म्हणूनच आणल्या होत्या. तेव्हा आज तुमच्याशी बोलतेय ती शहाणपण शिकवायला नव्हे. आपण एकाच नावेतले आहोत.

पळसाला पाने तीनच, असं आपण सहज म्हणून जातो. पण ती तीन पानं दर वर्षी परत येतात, हे मुलांना सांगायचं राहून जातं. फाल्गुनात पळस फुलतो, मग नवी पालवी धरतो. बेताने पानं खुडली तर झाडाला काही होत नाही. बांबूचंही तसंच. तो मुळात गवताच्या जातीचा. तीन-एक वर्षांत काठी पक्की होते. जून काठ्या तोडल्या आणि कोवळ्या राखल्या, की पावसाळ्यात बेटातून पुन्हा कोंब वर येतात. विदर्भात त्यांना वास्ते म्हणतात आणि त्यांची भाजीही करतात. गंमत म्हणजे गवत असूनही कायद्याच्या लेखी बांबू ‘झाड’ होता. 2017 च्या दुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू त्या व्याख्येतून सुटला आणि शेतकऱ्याला बांधावरचा बांबू तोडून विकणं सोपं झालं.

घरात आपण मुद्दल आणि व्याज यांतला फरक जाणतो. पळसाचं पान, बांबूची काठी, नारळाचा काथ्या हे व्याज आहे. जमिनीखालचं खनिज तेल हे मुद्दल. ते साठायला कोट्यवधी वर्षं लागली आणि त्यातून बनलेला प्लास्टिकचा चमचा आपण आइस्क्रीमपुरता, दहा मिनिटं वापरतो. मुलांच्या नावाने ठेव ठेवणारे आपण, त्यांचं हे मुद्दल मात्र हसत-खेळत मोडतो. आणि हेही ध्यानात ठेवू या, की व्याज गरजेपेक्षा जास्त उपसलं तर तेही आटतं. बांबूचं बेट सपाट केलं तर पुढच्या पावसात वास्ते येणार कुठून?

आता बाजाराकडे वळू. हल्ली वस्तूवर हिरवं पान छापलं की आपला हात आपोआप तिकडे जातो. बांबूचा दात घासायचा ब्रश आणला, तर त्याचे केस बहुधा नायलॉनचेच असतात. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा मुलामा असतो, नाहीतर चहा झिरपला नसता का? मक्याच्या स्टार्चपासून काही पिशव्या बनवतात. पण त्यांतल्या अनेकींना कुजायला मोठ्या खतप्रकल्पातली साठ अंशांच्या आसपासची उष्णता लागते. ती आपल्या कुंडीत कुठून मिळणार? म्हणून वस्तू कशापासून झाली, एवढं विचारून भागत नाही. ती शेवटी कुठे जाणार, हेही विचारायला हवं.

महाराष्ट्रात 2018 साली प्लास्टिकच्या पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटांवर बंदी आली. 1 जुलै 2022 पासून देशभरात प्लास्टिकच्या प्लेटा, पेले, चमचे, अगदी फुग्याच्या काड्यासुद्धा बंद झाल्या. पण प्रत्यक्षात कायद्याची धाव दुकानापर्यंत. घराच्या उंबऱ्याच्या आत आपलंच राज्य.

घरातलं प्लास्टिक कमी करण्यासाठी नवीन काही विकत घ्या, असं मी म्हणणार नाही. उलट आहे ते वापरा. लक्ष्मीपूजनाला शिंदीच्या पानांच्या केरसुणीला आपण हळदकुंकू वाहतो आणि वर्षभर केर काढतो तो नायलॉनच्या झाडूने! पूजा झाली की तीच केरसुणी हातात घ्या. अंगणाला नारळाच्या हिरांचा खराटा आहेच. जुन्या साडीची शिवलेली पिशवी दाराच्या खुंटीला टांगा. समारंभात फुकट मिळणारी दहावी कापडी पिशवी नकोच. वाढदिवसाला पंधरा-वीस मुलं येणार असतील तर घरातली आणि शेजारची स्टीलची ताटं सगळ्यांत उत्तम. तेवढी जमत नसतील तर पत्रावळी आणि द्रोण. एखादी पत्रावळ मुलांकडूनच टाचून घ्या. पहिली वेडीवाकडी होईल, भाजीचा रस गळेल, हसू होईल. पण आपल्या हाताने टाचलेलं पान मूल निष्काळजीपणे फेकणार नाही.

आणि एक कुंडी मात्र जरूर ठेवा. कचऱ्यात निघालेली कुठलीही वस्तू तिच्यात पुरा, तारीख मुलाकडून लिहून घ्या आणि चार महिन्यांनी त्याच्याकडूनच उकरून घ्या. पर्यावरणावरचं माझं तासाभराचं बोलणं मुलं संध्याकाळपर्यंत विसरतात, कुंडीतून निघालेलं विसरत नाहीत.

आमच्या वर्गाने तो पापुद्रा परत पुरला आहे. पुढच्या वर्षीची तिसरी तो उकरून बघणार आहे.

तुमच्या मुलांच्या बाई