लिम्फोमावरील केमोथेरपीनंतरचा थकवा : बल्य चिकित्सेपूर्वीचा विचार

लिम्फोमाची केमोथेरपी पूर्ण होते, गाठी विरतात, तपासण्याही समाधानकारक येतात. तरी स्नान उरकल्यावर रुग्णास अर्धा तास पडून राहावे लागते. अशा वेळी तो आपणाकडे ‘ताकदीचे औषध’ मागण्यास येतो. हा थकवा श्रमाच्या प्रमाणात नसतो व विश्रांतीने जात नाही. केवळ ‘धातुक्षय’ असे निदान करून तत्काळ बृंहण सुरू करू नये, असे आमचे मत आहे.

रुग्णपरीक्षण : कोणती औषधे दिली गेली, हे कागदपत्रांवरून पाहावे. बी-पेशींच्या नॉन-हॉजकिन लिम्फोमात प्रचलित असलेल्या ‘आर-चॉप’मधील डॉक्सोरुबिसिनमुळे हृदय दुर्बल होऊ शकते, हा परिणाम काही वर्षांनीही प्रकट होतो. त्यातीलच प्रेडनिसोलोन थांबल्यावर ग्लानी येऊ शकते. हॉजकिन लिम्फोमात वापरले जाणारे ब्लिओमायसिन फुप्फुसांस इजा करू शकते. मानेवर रेडिएशन झाले असल्यास थायरॉइड मंदावण्याचा संभव असतो. म्हणून हिमोग्लोबिन, टीएसएच, रक्तशर्करा, यकृत व वृक्क यांच्या तपासण्या पाहाव्यात. धाप वा पायांवर सूज असल्यास हृदयाची तपासणी करून घ्यावी. निद्रा, वेदना व मनाची खिन्नता यांविषयी आवर्जून विचारावे.

ताप 100.4 अंश फॅरनहाइट वा अधिक असणे, रात्री कपडे भिजवणारा घाम, अकारण वजन घटणे किंवा नवी गाठ, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास त्वरित कर्करोगतज्ज्ञांकडे पाठवावे.

चिकित्सा : प्रथम अग्नीचा विचार करावा. मंदाग्नी असता दिलेले गुरु, स्निग्ध रसायन पचत नाही व जडत्वच वाढवते. पेया, विलेपी, मुगाचे यूष या क्रमाने आहार वाढवावा. पचन सुधारताच डाळी, दूध, अंडी वा मांसरस यांतून पुरेसे प्रथिन द्यावे.

पूर्ण विश्रांतीने बल आणखी घटते. कॅनडात लिम्फोमाच्या 122 रुग्णांवर झालेल्या व 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, 12 आठवड्यांच्या देखरेखीखालील व्यायामाने शारीरिक क्षमता वाढली व थकवा कमी झाला. आपल्या शास्त्रातील बलार्ध व्यायामाचे तत्त्व येथे उपयोगी पडते. मात्र अर्धे बल रुग्णाच्या आजच्या बलाचे मोजावे, आजारापूर्वीच्या नव्हे. हृदय व रक्त यांची स्थिती अनुकूल असल्यास आम्ही सपाटीवर पाच मिनिटे चालण्यापासून आरंभ करवितो. दुसऱ्या दिवशी थकवा वाढला नाही, तरच वेळ वाढवितो.

औषधविक्रेत्यांस विनंती : केमोथेरपी चालू असता कोणतेही रसायन कर्करोगतज्ज्ञांना कळविल्यावाचून देऊ नये. अश्वगंधा व गुळवेल यांच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मधुमेहींना च्यवनप्राशातील शर्करा बाधते. वारंवार रक्त चढविलेल्या रुग्णांत लोहाचा साठा आधीच अधिक असू शकतो; तेव्हा तपासणीवाचून लोहकल्प देऊ नयेत.

बल परत येण्यास कित्येक महिने लागू शकतात, हे रुग्णास व घरच्यांस स्पष्ट सांगावे. हा थकवा म्हणजे आळस नव्हे, एवढे वैद्याच्या तोंडून ऐकल्यानेही रुग्णाच्या मनावरील भार हलका होतो.