काचेच्या कपाटातील दुनिया

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या किंवा तुमच्या शेजाऱ्यांच्या घरी काचेचे कपाट असेलच. त्याला आपण शोकेस म्हणतो. येणाऱ्या पाहुण्याची नजर प्रथम त्यावर पडावी, म्हणून ते बहुधा दारासमोरच्या भिंतीला ठेवतात. त्यात काय काय असते, ते आठवून पाहा. कधीही न वापरलेला चहाचा सेट, प्लास्टिकची फुले, शिंपल्यांचा मोर, मान डोलवणारा कुत्रा आणि पांढराशुभ्र ताजमहाल! यांपैकी एकही वस्तू रोजच्या कामाची नाही. तरीही ईद जवळ आली की त्या एकेक करून बाहेर काढल्या जातात, पुसल्या जातात आणि पुन्हा आपापल्या जागी ठेवल्या जातात. असे का होत असेल बरे?

अशा वस्तूंसाठी जर्मन भाषेत 'किच' असा शब्द आहे. एकोणिसाव्या शतकात म्यूनिक शहराच्या चित्रबाजारात तो रूढ झाला. झटपट विकल्या जाणाऱ्या स्वस्त आणि भडक चित्रांना जाणकार लोक 'किच' म्हणून नावे ठेवत. पुढे हा शब्द जगभर पसरला. डोळ्यांत भरणारे रंग, मूळ वस्तूची नक्कल आणि स्वस्त माल ही किचची लक्षणे मानली जातात.

जाणकारांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. ताजमहालाचेच पाहा ना! आग्र्याची मूळ वास्तू मकराण्याच्या संगमरवराने मढवलेली आहे. बाजारातील छोटा ताजमहाल मात्र पुष्कळदा शंखजिऱ्यासारख्या मऊ दगडाचा असतो. नखाने ओरखडले तरी त्यावर रेघ उठते. पण थोडा विचार करा. एवढ्याशा आकारात घुमट, मिनार आणि जाळी कोरायची, तर दगड मऊच हवा. कठीण संगमरवरात हेच काम करायला कितीतरी अधिक वेळ लागेल आणि त्याची किंमत आपल्या आवाक्याबाहेर जाईल. वस्तू स्वस्त असली तरी ती कोरणाऱ्या कारागिराचे कसब हलके ठरत नाही.

काही वस्तूंमागे मोठा इतिहासही दडलेला असतो. पोट पुढे काढून हसणारा पुतळा तुम्ही पाहिला असेल. त्याला 'लाफिंग बुद्धा' म्हणतात. हे गौतम बुद्ध आहेत, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो बुदाई नावाच्या चिनी भिक्षूचा पुतळा आहे. बुदाई सुमारे अकराशे वर्षांपूर्वी होऊन गेला. तो खांद्यावर कापडी झोळी घेऊन गावोगाव फिरत असे, असे सांगतात. पुतळ्याजवळची झोळी हीच त्याची ओळख आहे.

आता काचेचा तो गोळा आठवा. हलवला की त्यात बर्फ पडू लागतो! त्याची हकीकत मोठी गमतीची आहे. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना शहरात इर्विन पर्झी नावाचे कारागीर शस्त्रक्रियेची अवजारे बनवत. १९०० च्या सुमारास ते विजेच्या दिव्याचा उजेड वाढवण्याचा प्रयत्न करत होते. त्यासाठी त्यांनी पाण्याने भरलेला काचेचा गोळा घेतला आणि त्यात रवा टाकून पाहिला. उजेड काही वाढला नाही. परंतु रव्याचे कण हळूहळू खाली बसताना पाहून त्यांना बर्फवृष्टीची आठवण झाली. मग त्यांनी गोळ्यात एका चर्चची छोटी प्रतिकृती बसवली आणि एक नवी वस्तू जन्माला आली. त्यांचे वंशज आजही व्हिएन्नात असे गोळे बनवतात.

परंतु आपल्या घरातील वस्तूंचा खरा इतिहास कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. हजहून परतलेले अनेक लोक मुलांसाठी प्लास्टिकचा छोटा खेळण्यातला कॅमेरा आणत. तो डोळ्याला लावून कळ दाबली, की काबा आणि मदिनेची मशीद यांची चित्रे एकामागून एक दिसत. त्याची किंमत फार नसे. मात्र ज्या प्रवासातून तो येई, त्यासाठी एखाद्या नानांनी आयुष्यभर पै-पै साठवलेली असे. आज त्याची कळ अडकते, चित्रे फिकी झालेली असतात. नातवंडांना ते मोडके खेळणे वाटते. नानींना मात्र त्यात तो सारा प्रवास दिसतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. दोन खोल्यांच्या घरात सात-आठ माणसे राहतात. तेथे दादीला स्वतःची खोली कोठून मिळणार? शोकेसचा एक खण मात्र तिचा असतो. त्यात काय ठेवायचे, हे तीच ठरवते. घराला रंग देताना आपण 'हा कचरा काढून टाकू या' असे सहज म्हणतो. त्या वेळी आपण तिची घरातील एकुलती एक जागा तिच्याकडून काढून घेत असतो. म्हणून कोणतीही वस्तू टाकण्यापूर्वी ती ज्याची आहे, त्याला आधी विचारावे.

याचा अर्थ दिसेल ते विकत घ्यावे, असा नाही. समुद्रकिनारी प्रवाळ आणि मोठे शंख विकायला ठेवलेले असतात. ते समुद्रातील जिवांपासून मिळतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली २००१ साली प्रवाळ, समुद्रघोडे आणि काही शंख-शिंपल्यांना संरक्षण देण्यात आले. शोभेसाठी त्यांची खरेदी करणे योग्य नाही. घरात आधीपासून असलेली वस्तू जपा. नवी घेताना मात्र ती कोठून आली, हे विचारा.

मित्रांनो, आज घरी गेल्यावर शोकेससमोर उभे राहा. तुम्हांला सर्वांत विचित्र वाटणारी वस्तू निवडा. ती कोणी आणली, कोठून आणली आणि इतकी वर्षे का जपली, हे वडीलधाऱ्यांना विचारा. मिळालेली माहिती एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी वस्तूच्या तळाला चिकटवा. सांगणारे माणूस घरात आहे, तोपर्यंतच हे काम करता येईल.

स्वाध्याय

१. 'किच' हा शब्द कोठे रूढ झाला?
२. छोटा ताजमहाल मऊ दगडाचा का बनवतात?
३. शोकेसमधील खण दादीसाठी महत्त्वाचा का आहे? चार-पाच वाक्यांत लिहा.
४. वाक्यात उपयोग करा : नावे ठेवणे, पै-पै साठवणे, आवाक्याबाहेर जाणे.