दारू कोणती भरायची? पिस्तुलाच्या काडतुसामागचं गणित

शीर्षक वाचून हॉस्टेलमध्ये काहींचे डोळे चमकले असतील. मित्रांनो, ही ती दारू नव्हे, ही बंदुकीची. आणि जाफराबादच्या माणसाला तिची ओळख करून घ्यायला फार लांब जावं लागत नाही. जाफराबाद आणि भोकरदन यांच्या मधे, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात असई गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेची आर्थर वेलस्लीच्या फौजेशी गाठ पडली. लढाई आपण हरलो, ९८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. पण त्या तोफांनी आधी आपलं काम चोख केलं होतं. वेलस्लीची पंधराशेहून जास्त माणसं त्या एका दिवसात मेली किंवा जखमी झाली, आणि त्यातला मोठा वाटा शिंद्यांच्या गोलंदाजांचा होता.

त्या काळी दारू एकच : सोरा, कोळसा, गंधक. मग तोफ, बंदूक आणि पिस्तूल या तिघांना ती एकच दारू कशी चालायची? उत्तर आहे दाण्यात. तोफेला जाड दाण्याची, बंदुकीला बारीक, पिस्तुलाला त्याहून बारीक, आणि कान्यात भरायच्या रंजकेला तर जवळजवळ पिठासारखी. दाणा जळतो तो पृष्ठभागावरून आत. खडीसाखरेचा खडा आणि तेवढ्याच वजनाची पिठीसाखर चहात टाकून बघा, आधी काय विरघळतं ते. पिठासारखी दारू तोफेत ठासली तर जड गोळा जागचा हलायच्या आधीच सगळी जळून जाईल, गॅसला जागा मिळणार नाही आणि तोफ फुटेल. उलट जाड दाणा पिस्तुलात भरला तर गोळी नळीबाहेर पडेपर्यंत निम्मी दारू जळायचीच राहील. आजही पिस्तुलाची दारू निवडायचा पाया हाच आहे. फक्त दारू बदलली.

बदल झाला १८८४ मध्ये. पॉल व्हिएल या फ्रेंच माणसाने नायट्रोसेल्युलोजपासून बिनधुराची दारू बनवली. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने त्यात नायट्रोग्लिसरीन मिसळलं. नुसत्या नायट्रोसेल्युलोजच्या दारूला सिंगल बेस म्हणतात, दोन्ही असलेल्या दारूला डबल बेस. काळी दारू जळल्यावर निम्म्याहून जास्त वजन घन रूपात मागे राहतं, तोच तो धूर आणि नळीतली काजळी. नवी दारू जवळजवळ पूर्ण गॅस होते. पण आपल्या दृष्टीने महत्त्वाचा फरक वेगळाच आहे. नव्या दारूचा जळण्याचा वेग दाबाबरोबर वाढतो. दाब वाढला की ती जोरात जळते, जोरात जळली की दाब आणखी वाढतो. कंट्रोल सिस्टिम शिकलेल्यांना पॉझिटिव्ह फीडबॅक म्हटलं की पुढचं सांगायला नको. गोळी पुढे सरकून जागा करून देते, म्हणूनच हा फीडबॅक आवरला जातो.

आता थोडं गणित. ९ मिलिमीटरच्या पिस्तुलाची गोळी साधारण ७.५ ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला ३६० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. म्हणजे गतिज ऊर्जा ४८६ ज्यूल. नळीतला प्रवास १० सेंटिमीटर धरला तर सरासरी बल ४८६० न्यूटन. ९ मिलिमीटर व्यासाचं क्षेत्रफळ ०.६४ चौरस सेंटिमीटर, त्यामुळे सरासरी दाब सुमारे ७७५ किलो प्रति चौरस सेंटिमीटर निघतो (घर्षण सोडून दिलं आहे, मास्तरांनी रागावू नये). मेसमधल्या कुकरची शिट्टी साधारण १ किलोला वाजते, त्यावरून अंदाज करा. या काडतुसाला अमेरिकेतल्या मानकाप्रमाणे जास्तीत जास्त दाब चालतो ३५,००० पीएसआय, म्हणजे जवळजवळ २,४६० किलो. म्हणजे कमाल दाबाला सरासरीच्या तिपटीपर्यंत मुभा आहे. आणि हे सगळं उरकतं अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास.

या आकड्यांतच निवडीचं कारण आहे. नळी आखूड, गोळी हलकी, वेळ नाही. म्हणून पिस्तुलाला झटपट जळणारी दारू लागते : पातळ चकत्यांची किंवा बारीक गोलसर दाण्यांची. लांब नळीच्या रायफलला सावकाश जळणारी चालते, तिथे नळकांडीसारखे, मधे भोक असलेले दाणे असतात. अशा दाण्याचा बाहेरचा पृष्ठभाग जळताना कमी होतो, तेवढाच आतला वाढतो, आणि गॅस एकसारखा निघत राहतो. तोफेच्या दाण्याला तर सात-सात भोकं असतात, त्याचा पृष्ठभाग जळता जळता वाढतोच. गोल दाण्याला ही सोय नाही, म्हणून त्याच्या वरच्या थरात जळणं मंदावणारं रसायन मुरवतात. एखाद्या गोळीच्या दाण्यात एवढी भूमिती असते हे मला तरी सर्वांत आवडलं.

परदेशात, विशेषतः अमेरिकेत, पुष्कळ नेमबाज आपली काडतुसं घरी भरतात. उडवलेल्या पुंगळ्या गोळा करायच्या, साफ करून मापात आणायच्या, नवी टोपी बसवायची, दारू मापून घालायची आणि वर गोळी दाबायची. पितळ पुन्हा वापरता येतं म्हणून स्वस्त पडतं, आणि आपल्या पिस्तुलाला मानवेल असं काडतूस जमवता येतं. (पॉइंट टू-टूच्या काडतुसाला हे लागू नाही, त्याचा स्फोटक मसाला पुंगळीच्या कडेतच असतो. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण जिंकलं, त्या प्रकारात हेच काडतूस चालतं.)

असा माणूस दुकानात जातो तेव्हा समोर पन्नास डबे असतात. बुल्सआय, युनिक, टाइटग्रुप, फिनलंडची एन ३२०. बुल्सआय फार झटपट, युनिक मधली, ब्लू डॉट सावकाश. हलकी गोळी आणि मवाळ झटका हवा तर झटपट जळणारी थोडी दारू पुरते. जड गोळी आणि जास्त वेग हवा तर थोडी सावकाश जळणारी, कारण जड गोळी उशिरा हलते आणि झटपट दारू तोवर दाबाचा कडेलोट करते. फार सावकाश घेतली तर तोंडाशी मोठा जाळ, मोठा आवाज आणि वाया गेलेली दारू.

इथपर्यंत पुस्तकी झालं. पण मला विचाराल तर पहिला निकष वेगाचा नव्हेच, जागेचा. पॉइंट ३८ स्पेशल हे काडतूस १८९८ च्या सुमाराचं, काळ्या दारूच्या हिशेबाने त्याची पुंगळी मोठी ठेवलेली. त्यात आजची झटपट दारू घातली तर तळाशी चिमूटभर दिसते. मग भरणाऱ्याचं लक्ष चुकलं, कुणी हाक मारली, फोन वाजला, आणि त्याच पुंगळीत दुसऱ्यांदा माप पडलं तरी वरून कळत नाही. दारू दुप्पट म्हणजे दाब दुप्पट नव्हे. वरचा फीडबॅक आठवा, दाब दुपटीच्या कितीतरी पुढे जातो आणि पिस्तूल हातात फुटतं. म्हणून जाणते लोक अशी फुगीर दारू घेतात की एका मापात निम्म्याहून जास्त पुंगळी भरावी. दुसरं माप चुकून पडलंच तर दारू टेबलावर सांडेल. चूक डोळ्यांना दिसली पाहिजे, एवढंच त्यामागचं तत्त्व. आपल्या मशीन डिझाइनच्या तासाला हे उदाहरण सांगायला हरकत नाही.

उलटीही चूक होते. जरा कमी घातली तर सुरक्षित, असं सगळ्यांना वाटतं. मॅग्नम काडतुसांसाठीची एच ११० ही दारू मात्र ठरल्यापेक्षा फार कमी घातली तर नीट पेटत नाही आणि गोळी नळीतच अडकू शकते. मागून दुसरी गोळी सुटली की नळी गेली. म्हणून कंपनीने छापलेला तक्ता हाच शेवटचा शब्द, आणि तक्त्यातली एक गोष्ट बदलली, गोळी, टोपी किंवा पुंगळी, तरी पुन्हा तळापासून सुरुवात करायची. वजन तिथे ग्रेनमध्ये लिहितात. एक ग्रेन म्हणजे ६५ मिलिग्रॅम. आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. सोनाराच्या काट्याचं काम आहे हे.

मराठवाड्याच्या उन्हात आणखी एक गोष्ट. नायट्रोसेल्युलोज हळूहळू आपोआप विघटन पावतं आणि उष्णतेत जास्त. त्यासाठी दारूत डायफिनाइलअमाइनसारखा स्टॅबिलायझर घालतात, तो निघणारे आम्लधर्मी वायू शोषून घेतो. तो संपला की डब्याला आंबूस उग्र वास येतो, दाण्यांवर तांबूस भुकटी दिसते. असा साठा पेट घेऊ शकतो.

हे वाचून कुणाला उत्साह आला असेल तर कायदाही सांगतो. आपल्याकडे काडतुसं बनवायला शस्त्र कायदा, १९५९ खाली परवाना लागतो, स्फोटकांना १८८४ चा कायदा आहे, आणि त्याचा कारभार पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपुरात आहे. ज्यांना हा विषय खरोखर करायचा आहे त्यांच्यासाठी दारं महाराष्ट्रातच आहेत. खडकीचा कारखाना १८६९ चा, भुसावळजवळ वरणगाव, आणि दारू जिथे बनते ते भंडाऱ्याजवळचं जवाहरनगर. २०२१ पासून हे तिन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या पुण्याच्या कंपनीकडे आहेत. त्याच जवाहरनगरला २४ जानेवारी २०२५ रोजी स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. तिथे काम करणारी माणसं शिकलेली, सरावलेली, नियमांत बांधलेली असतात. घरच्या टेबलावर यातलं काहीच नसतं.

आता मेकॅनिकलच्या पोरांसाठी एक गणित सोडतो. वरचीच गोळी, तेच काडतूस, पण नळी १० ऐवजी २० सेंटिमीटरची. दारू पहिल्या दोन सेंटिमीटरांत संपली असं धरा, त्यापुढे गॅसचं प्रसरण अ‍ॅडियाबॅटिक, गॅमा १.२५, आणि चेंबरमधली मोकळी जागा अर्धा घन सेंटिमीटर. नळी दुप्पट केल्यावर वेग किती टक्के वाढला ते काढा. सावकाश जळणारी दारू घेतली तर उत्तर कुठल्या बाजूला सरकेल तेही लिहा.