कॉर्व्हेटचा ब्लॉक बदलताना: कुठला घ्यायचा, किती खर्च येतो

अमेरिकेत १९९७ ते २००४ या काळातली, म्हणजे सी-५ पिढीची कॉर्व्हेट तिच्या ताकदीच्या मानाने आजही स्वस्तात मिळते. मिशिगनपासून कॅलिफोर्नियापर्यंत स्थायिक झालेल्या कितीतरी मराठी मंडळींना हौसेने अशी गाडी घ्यावीशी वाटते, आणि वाटावीच, इतकी ती छान चालते. पण वीस-पंचवीस वर्षं झालेलं इंजिन कधीतरी दगा देतं. तेल कमी पडून बेअरिंग जातं, कधी कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉकला भोक पाडतो. मग गॅरेजवाला सांगतो, ‘ब्लॉक बदलावा लागेल.’ हे ऐकल्यावर बहुतेक जण लगेच ब्लॉकच्या किमती शोधू लागतात. वास्तविक उघडा ब्लॉक हा संपूर्ण बिलातला सगळ्यात लहान आकड्यांपैकी एक असतो. चुकीचा ब्लॉक निवडला तर बाकीचे आकडे फुगतात, म्हणून निवड महत्त्वाची.

(खालच्या किमती अमेरिकी डॉलरमधल्या आणि ढोबळ आहेत. गावागणिक फरक पडेल.)

आधी आपला ब्लॉक खरंच गेला आहे का, हे मशीन शॉपकडून तपासून घ्या. धुणं, तडा शोधणं आणि मापं घेणं याला दीडशे ते तीनशे डॉलर लागतात. या गाडीतलं एलएस-१ इंजिन ५.७ लिटरचं, ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, आत बिडाच्या स्लीव्ह ओतकामातच बसवलेल्या. चुंबकाने तडा शोधायची पद्धत बिडावर चालते, अ‍ॅल्युमिनियमवर चालत नाही. त्यामुळे शॉपवाल्याला ‘रंग लावून की दाब देऊन तपासणार?’ असं सरळ विचारा. उत्तर देताना तो अडखळला, तर दुसरं शॉप शोधा.

या स्लीव्ह पातळ आहेत. मूळ बोअर ९९ मिलीमीटरचा, आणि तो जेमतेम पाव मिलीमीटर वाढवता येतो. सिलिंडरला खोल ओरखडा असेल तर बोअर करून तो निघत नाही. आठही सिलिंडरना नव्या जाड स्लीव्ह टाकता येतात, पण त्याला अडीच ते चार हजार डॉलर मोजावे लागतात. रस्त्यावर चालवायच्या गाडीसाठी एवढा खर्च मला पटत नाही.

बदली ब्लॉकचे तीन रस्ते आहेत. पहिला म्हणजे तसाच वापरलेला अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक, चारशे ते नऊशे डॉलर. त्यातही २००१ नंतरचा शोधा. याच गाडीच्या जास्त ताकदीच्या झेड-०६ आवृत्तीसाठी केलेल्या एलएस-६ इंजिनाच्या ओतकामात क्रँककेसमधली हवा खेळती राहावी म्हणून सुधारणा झाली होती, आणि तेच ओतकाम पुढे बऱ्याच एलएस-१ इंजिनांतही आलं. त्यावर १२५६११६८ हा आकडा असतो. पैसे देण्याआधी त्या आकड्याचा फोटो मागवा.

दुसरा रस्ता ट्रकमधल्या सहा लिटरच्या बिडाच्या ब्लॉकचा, एलक्यू-४ किंवा एलक्यू-९. तो दोनशे ते सहाशे डॉलरला मिळतो, पाऊण मिलीमीटर बोअर सहज सोसतो आणि भलताच मजबूत असतो. पण वजनाने तो सुमारे चाळीस किलो जास्त, आणि हे सगळं वजन पुढच्या चाकांवर पडतं. ज्या गाडीचं वजन पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं वाटलेलं आहे, म्हणूनच ती वळणावर इतकी सुरेख वळते, तिचा तोल आपल्या हाताने का बिघडवायचा? टर्बो किंवा सुपरचार्जर लावून ताकद दुपटीकडे न्यायची असेल तर बिडाचा ब्लॉक घ्या. एरवी स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

तिसरा, ६.२ लिटरच्या एलएस-३ चा नवा ब्लॉक, दीड ते अडीच हजार. नवा असल्याने आधीच्या मालकाने त्याचे काय हाल केले ही चिंता उरत नाही. मात्र तो पुढच्या पिढीचा आहे. कॅमचा सेन्सर मागून पुढे आलेला, नॉक सेन्सर वरून बाजूला गेलेले, आणि त्या इंजिनाच्या क्रँकवरच्या चाकाला ५८ दाते. तुमच्या गाडीचा कॉम्प्युटर २४ दात्यांच्या चाकाची भाषा ओळखतो. यावर एक चांगला उपाय आहे: दोन्ही इंजिनांचा स्ट्रोक ९२ मिलीमीटरचाच असल्याने तुमचा जुना क्रँक शाबूत असेल तर तो २४ दात्यांच्या चाकासकट या ब्लॉकमध्ये थेट बसतो. पिस्टन मात्र मोठ्या बोअरचे नवे घ्यावेच लागतात.

आता खरा खर्च. ब्लॉक कुठलाही घेतलात तरी बोअर, होनिंग, वरचा पृष्ठभाग सपाट करणं, कॅमची बेअरिंगं बसवणं यासाठी मशीन शॉपला आठशे ते दीड हजार जातात. होनिंग करताना वरून हेडइतकाच ताण देणारी जाड प्लेट आवळतात का, तेही विचारा. ती न आवळता होन केलेला सिलिंडर हेड बसवल्यावर गोल राहत नाही. पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, गॅस्केटं, बोल्ट यांचे बाराशे ते बावीसशे, जुळणीचे हजार ते दीड हजार. सगळ्यात मोठा वाटा मजुरीचा. सी-५ चा गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी असतो आणि लांब नळीने इंजिनाला जोडलेला असतो, त्यामुळे इंजिन सहसा पुढच्या क्रेडलसकट खालून उतरवतात. वीस-तीस तासांचं हे काम, तासाला एकशे तीस ते दोनशे डॉलर.

वापरलेला अ‍ॅल्युमिनियमचा ब्लॉक धरला तर एकूण सहा ते बारा हजार डॉलर होतात. त्यात ब्लॉकचे चारशे ते नऊशे!

दोन ठिकाणी कृपा करून काटकसर करू नका. हेडचे बोल्ट आवळताना ताणले जातात, ते परत वापरायचे नसतात. शिवाय २००४ पासून त्यांची लांबी बदलली, तेव्हा गाडीचं साल सांगून नव्हे, ब्लॉकचं साल सांगून बोल्ट मागवा. आणि बेअरिंग जाऊन इंजिन बंद पडलं असेल तर धातूचा कीस तेलाबरोबर सगळीकडे पोचलेला असतो. तेलपंप आणि लिफ्टर नवेच टाका. दोन-तीनशे डॉलर वाचवायला जुने ठेवले तर नऊ हजारांचं काम काही महिन्यांत परत उघडावं लागू शकतं.

कॅलिफोर्नियात राहणाऱ्यांनी आणखी एक पाहावं. तिथे बदली इंजिन गाडीच्याच सालचं किंवा त्यानंतरचं, आणि त्याच वर्गातल्या वाहनाचं असावं लागतं. वेगळ्या प्रकारचं इंजिन बसवलं तर राज्याच्या प्रदूषण-तपासणी रेफरीकडून तपासून घ्यावं लागतं. ट्रकचा ब्लॉक घेण्याआधी रेफरीकडे चौकशी करा.

वापरलेला ब्लॉक घेताना ‘मशीन शॉपने तडा दाखवला तर पैसे परत’ हे पावतीवर लिहून घ्या. तयार जुळवलेलं अर्धं इंजिन घेतलंत तर विक्रेता जुन्या ब्लॉकपोटी डिपॉझिट घेतो. भोक पडलेला ब्लॉक देऊन ते सहसा परत मिळत नाही, म्हणून हिशेबात ते गेलंच असं धरा. तसं असेल तर जुना ब्लॉक भंगारात न घालता ठेवून द्या. त्यावर गाडीच्या चासी क्रमांकाचा भाग ठोकलेला असतो, आणि झेड-०६ विकत घेणारे जाणकार तो हमखास मागतात.